गुरुवारचं उत्तर

(जुळे सोलापुरातल्या एका वाचनालयाचा वरचा हॉल. ऑगस्टमधला रविवार, सकाळचे साडेनऊ. साडेदहाला 'पॉलिमर कट्ट्या'ची महिन्याची बैठक आहे. कट्टा चालवणारा धम्मदीप आणि आज बोलायला अक्कलकोटहून आलेली सिद्धेश्वरी, दोघंच आहेत.)

सिद्धेश्वरी: ...आणि तिसऱ्या पानावर तुमचं नाव येतं, सर. तिथं मी जरा थांबणार आहे. टाळ्या पडल्या तर पडू देत की.

धम्मदीप: नाव काढून टाका.

सिद्धेश्वरी: आं?

धम्मदीप: माझं नाव काढा. 'कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं' एवढंच म्हणा.

सिद्धेश्वरी: कुणीतरी काय, सर. गुरुवारची उत्तरं कोण लिहितं ते सगळ्यांना ठाऊक आहे की. आपण नाव न घालता प्रश्न पाठवायचा आणि गुरुवारी संध्याकाळी ग्रुपवर तुमचं उत्तर यायचं. दोनशे जण वाट बघत असतात. आज नवीन पोरं येणार म्हणून पहिल्या पानावर मी कट्टा म्हणजे काय तेच लिहिलंय. वाचू?

धम्मदीप: वाचा.

सिद्धेश्वरी: 'कॉलेजात राहिलेल्यांना गाईड असतात, डिपार्टमेंट असतं. अडलं तर शेजारच्या टेबलावर विचारता येतं. आपण पॉलिमर शिकलो आणि कारखान्यात आलो. कारखान्यात हा विषय शिकलेला माणूस एकच असतो, आणि तो आपणच असतो. मग आपण कुणाला विचारायचं? म्हणून हा कट्टा.' बरं झालंय का?

धम्मदीप: चांगलं झालंय. पुढं तुमच्या कंपनीतलं काय लिहिलंय? ते तुम्ही कट्ट्यावर नीट कधी सांगितलं नाहीत.

सिद्धेश्वरी: लाज वाटायची. काढून टाकलेल्या माणसानं काय लिहायचं? सांगते. आमचा पाण्याच्या पाईपचा कारखाना. गेल्या वर्षी जूनमध्ये गावोगावच्या नळ योजनेचं मोठं काम मिळणार होतं, त्याला हजार तासांचा रिपोर्ट लागत होता. पाण्याच्या दाबाखाली पाईप हजार तास ठेवायचा, फुटतो का बघायचं. म्हणजे जवळजवळ बेचाळीस दिवस. आमचं मशीन बसवूनच वीस दिवस झाले होते. मालकांनी केबिनमध्ये बोलावलं आणि उद्या रिपोर्ट दे म्हणाले. मी म्हणलं, सर, बाकीचे बावीस दिवस कुठून आणू? ते हसले. म्हणाले, कॅलेंडरातून आण.

धम्मदीप: आणि त्या रात्री तुम्ही कट्ट्यावर प्रश्न पाठवलात.

सिद्धेश्वरी: नाव न घालता. मालकांना दोन दिवस टोलवलं मी, संगणक बंद आहे सांगून. गुरुवारी तुमचं उत्तर आलं. 'कंपनी सुटली तर दुसरी मिळते. खोट्या रिपोर्टवर केलेली सही मात्र आपल्याबरोबर घरी येते, जेवायला बसते, झोपायला येते.' वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय मी. दुसऱ्या दिवशी जाऊन नाही म्हणलं. आठवडाभर मला गेटवर गाड्या मोजायला उभं केलं, आणि मग उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

धम्मदीप: रिपोर्टचं काय झालं पुढं?

सिद्धेश्वरी: दुसऱ्या कुणीतरी दिला असेल की. मला कळलं नाही.

धम्मदीप: आणि घरी?

सिद्धेश्वरी: घरी काय. अप्पांचं अक्कलकोटात भांड्याचं दुकान आहे. आधी गिऱ्हाईक आलं की सांगायचे, आमची मुलगी शास्त्रज्ञ आहे सोलापूरला. आता सांगत नाहीत. बोलले मात्र कधीच काही नाहीत. अव्वाला, म्हणजे आईला, मराठी कळतं, पण राग आला की ती कन्नडमध्येच बोलते. तेरा महिने झाले, रोज सकाळी चहा देताना एकच शब्द. 'याक?' म्हणजे, का? का सोडलीस? मी तिला तुमचं उत्तर वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, हे लिहिणाऱ्याला घरी बोलव, मला बघायचंय त्याला.

धम्मदीप: सिद्धेश्वरी, बसा जरा.

सिद्धेश्वरी: बसते की. आता मी दहावीच्या क्लासला विज्ञान शिकवते. तीन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले. जुन्या कंपनीत फोन करून विचारतात आणि मग पुढं काही कळवत नाहीत. म्हणून तुमच्या कंपनीची जाहिरात बघितली तेव्हा इतकं बरं वाटलं. लॅबमध्ये जागा, आणि लॅब तुमची. अप्पांना म्हणलं, इथं असलं काही नसणार, इथं ते सर आहेत. अव्वानं उद्याच्या इंटरव्ह्यूसाठी साडी इस्त्री करून ठेवलीय. आज सकाळी पहिल्यांदा तिनं तो शब्द काढला नाही.

धम्मदीप: उद्या येऊ नका.

सिद्धेश्वरी: का? जागा भरली?

धम्मदीप: नाही. जागा आहे. पण तुम्ही येऊ नका.

सिद्धेश्वरी: मला कळलं नाही, सर.

धम्मदीप: ते उत्तर मी लिहिलं ना, त्याच दिवशी दुपारी दोन रिपोर्टवर मी सह्या केल्या होत्या. दोन्हीतले आकडे खोटे होते.

सिद्धेश्वरी: तुम्ही? कधीपासून?

धम्मदीप: दोन वर्षं करतोय मी हे. आम्ही ठिबकच्या नळ्या करतो, तुम्हाला माहीतच आहे. उन्हात टिकायला त्यात काजळी दोन टक्क्यांच्या वर हवी. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, ती मोजायची भट्टी बंद पडली. माल गाडीत भरून उभा. मॅनेजर म्हणाले, प्लॅस्टिकचा दाणा तोच आहे, मागच्या लॉटचाच आकडा लिही. मी लिहिला. वाटलं, एकदाच. भट्टी तीन आठवड्यांनी दुरुस्त झाली. मग नमुना जाळून बघितला तर आकडा आला एक पूर्णांक एक. निम्मा. दाण्यात जुना वितळवलेला माल मिसळत होते आणि काजळी कमी घालत होते. मी मॅनेजरकडं कागद घेऊन गेलो. ते म्हणाले, नळी काळी दिसतीय ना? दिसतीय. मग दोन पूर्णांक दोन लिही.

सिद्धेश्वरी: आणि तुम्ही लिहिलं.

धम्मदीप: लिहिलं.

सिद्धेश्वरी: नाही म्हणाला नाहीत? एकदापण?

धम्मदीप: तोंड उघडलं होतं. पण बाबा नुकतेच रेल्वेतून रिटायर झाले होते. गँगमन होते ते, उभी हयात रुळांवर गेली. आमच्या वस्तीत सगळ्यांना सांगून झालं होतं की आमचा दीप लॅबमध्ये बसतो, एसीत. मला ते सगळं एकदम दिसलं, आणि मी 'बरं सर' म्हणालो. त्यांच्यावर ढकलत नाही मी. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी घरी बस म्हणून सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

सिद्धेश्वरी: मग मला ते का लिहिलंत? दुसरं काहीही लिहायचं की. 'परिस्थिती बघून ठरवा' म्हणायचं. सगळे तेच म्हणतात. मैत्रिणीपण तेच म्हणाल्या होत्या.

धम्मदीप: तुमचा प्रश्न वाचला आणि मला वाटलं, हा प्रश्न मीच विचारायला पाहिजे होता, कुणाला तरी. मग जे उत्तर मला कुणी दिलं नाही ते लिहिलं. लिहिताना खरं वाटत होतं. लिहून झाल्यावर हलकं वाटलं. सत्तेचाळीस जणांनी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या. मी त्या पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. तुम्ही खरोखर जाऊन नाही म्हणाल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

सिद्धेश्वरी: माझी नोकरी गेल्याचं तुम्हाला कळवलं होतं. मेसेज केला होता.

धम्मदीप: वाचला होता.

सिद्धेश्वरी: तुम्ही लिहिलं होतं, 'अभिमान वाटतो.'

धम्मदीप: हो.

सिद्धेश्वरी: तेव्हा तरी सांगायचं.

धम्मदीप: तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यानंतर दर गुरुवारी उत्तर लिहिताना वाटायचं, आज बंद करू. मग कुणीतरी लिहायचं, सर, तुमच्यामुळं धीर येतो. रविवारी आईबरोबर विहारात जातो मी. पंचशील म्हणतात, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. दोन वर्षं मी तिथं नुसते ओठ हलवतो. एकदा आईनं विचारलं, घसा बसलाय का रे? तिसऱ्यापर्यंत तर बरा होता.

सिद्धेश्वरी: हे ऐकून मी काय करू? वाईट वाटून घेऊ तुमच्यासाठी?

धम्मदीप: नाही.

सिद्धेश्वरी: मला वाईट वाटत नाहीये. मला मघाचं सगळं आठवून लाज वाटतीय. टाळ्या पडू देत म्हणाले मी. तीन रात्री बसून लिहिलंय हे.

धम्मदीप: लाज तुम्हाला वाटायचं काही कारण नाही.

सिद्धेश्वरी: ते तुम्ही मला सांगू नका. ती नळी फुटली का कुठं? का नुसते कागदच खोटे?

धम्मदीप: फुटली. करमाळ्याच्या अंगाला, उजनीच्या पाण्याकाठी एक गाव आहे. तिथं युवराज म्हणून शेतकरी आहे, माझ्याच वयाचा. तीन एकर केळी. गेल्या वर्षी आमची नळी टाकली आणि या मे महिन्यात तक्रार आली. मॅनेजरनी मला पाठवलं. जाऊन बघतो तर नळी हातात धरली की तुकडे पडत होते. एका उन्हाळ्यात. जिथं तडकली तिथं पाण्याचं तळं, आणि पुढच्या झाडांना थेंब नाही. पानं पिवळी पडून लोंबत होती. त्यानं चिंध्या गुंडाळल्या होत्या नळीला, जागोजागी. जखमेला बांधतात तशा.

सिद्धेश्वरी: आणि रिपोर्ट तुमच्या सहीचा.

धम्मदीप: माझ्याच. मी जाताना ठरवलं होतं, सांगून टाकायचं. पण मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, साहेब, आमचंच चुकलं असंल. टाकायच्या आधी आन्नानं, म्हणजे त्याच्या वडलांनी, बंडलं आठ दिवस बांधावर उन्हात ठेवली होती, त्यानं काही झालं असेल का? ती नळी उन्हासाठीच केलेली असते, सिद्धेश्वरी. आठ दिवसांनी काय होतंय? पण त्यानं मला वाट दाखवली आणि मी त्या वाटेनं गेलो. म्हणालो, हो, तेच कारण असू शकतं. आणि तक्रारीच्या कागदावर लिहिलं, 'वापरणाऱ्यानं माल उन्हात उघडा ठेवल्यामुळं.' खाली सही केली. त्यानं त्या कागदाचा फोटो काढून घेतला आणि मला आभारी आहे म्हणाला.

सिद्धेश्वरी: आभारी आहे म्हणाला.

धम्मदीप: गाडीपर्यंत सोडायला आला. दोन फण्या केळी दिली. ती मी घरी नेली नाहीत. टेंभुर्णीच्या स्टँडवर एका बाकड्यावर ठेवून आलो.

सिद्धेश्वरी: मग मला एक सांगा. एवढं सगळं माहीत असताना माझा अर्ज तुम्ही पुढं का जाऊ दिलात? अर्ज तुमच्याकडंच आले असतील की आधी.

धम्मदीप: आले होते. तीन होते.

सिद्धेश्वरी: मग?

धम्मदीप: हे सांगायला मला सगळ्यात जड जातंय. मॅनेजर मला वरच्या जागेवर घेतायत. लॅबच्या रोजच्या रिपोर्टवर मग माझी सही नसणार. खालच्या माणसाची असणार. त्यासाठी ती जागा आहे.

सिद्धेश्वरी: म्हणजे माझी सही.

धम्मदीप: तुमचा अर्ज चार दिवस माझ्या खणात होता. फाडून टाकावा असंही वाटलं. मग मनात आलं, ही मुलगी एकदा नाही म्हणालीय. ही परत म्हणेल. ही आली की हे आपोआप थांबेल. म्हणून सगळ्यात वर ठेवला.

सिद्धेश्वरी: म्हणजे दुसऱ्यांदापण मीच नाही म्हणायचं. आणि तुम्ही वरच्या केबिनमध्ये बसायचं.

धम्मदीप: हो. तसंच होतं ते.

सिद्धेश्वरी: पहिल्यांदा काढलं तेव्हा लोक म्हणाले, मालक वाईट असेल. दुसऱ्यांदा काढलं असतं तर काय म्हणाले असते? हिच्यातच काहीतरी आहे म्हणाले असते. अप्पांनी मला परत दाराबाहेर पाठवलं नसतं. विचार केला होतात का याचा?

धम्मदीप: नाही केला.

सिद्धेश्वरी: आमच्या मालकांनी निदान तोंडावर सांगितलं, खोटं लिही म्हणून. त्यांचा मला राग आला आणि संपला. तुमचं काय करायचं मला कळत नाही. तुमचं उत्तर खोटं नव्हतं. मी केलं ते बरोबरच केलं, ते मी परत करीन. पण आजपर्यंत मला वाटायचं, कुठंतरी अजून एक माणूस आहे. अव्वा रोज विचारायची तेव्हा मी मनात म्हणायचे, एक आहे की. आता कोण आहे? बोला की. उत्तरं लिहिता ना.

धम्मदीप: एक गोष्ट आहे, ती सांगतो. खरे आकडे मी घरी एका वहीत लिहीत आलोय. पहिल्या दिवसापासून. एकतीस लॉट आहेत. तारीख, खरा आकडा, माल कुठल्या गावाला गेला.

सिद्धेश्वरी: कशाला लिहीत होतात?

धम्मदीप: आपण अगदीच खोटे नाही असं वाटावं म्हणून. दुसरं काही नाही. पण उद्या ती वही घेऊन मी मॅनेजरकडं जाणार आहे. मालकांकडंही. युवराजच्या तक्रारीवर लिहिलेलं मागं घेतो असं लेखी देणार. पुढं ते काय करतील ते करतील. आणि आज तुमच्या जागी मी बोलतो. कट्ट्यासमोर सगळं सांगतो, आणि गुरुवारची उत्तरं बंद करतो.

सिद्धेश्वरी: हे तुम्ही म्हणताय. म्हणण्यात तुम्ही पहिल्यापासून चांगले आहात.

धम्मदीप: विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही.

सिद्धेश्वरी: मी इंटरव्ह्यूला येणार नाही. आज बोलणारपण नाही. बोला तुम्ही. पण काय होईल सांगू का? सगळे डोळे पुसतील. केवढं धाडस केलं म्हणतील. परत हात जोडतील सत्तेचाळीस जण. तुम्हाला परत हलकं वाटेल. आणि तो केळीवाला? त्याला अजून वाटतंय की त्याच्या बापानं नळी खराब केली. त्याला कोण सांगणार? तो काही कट्ट्यावर नाही.

धम्मदीप: मी जाणार होतो त्याच्याकडं.

सिद्धेश्वरी: कधी?

धम्मदीप: मेपासून जाणारच आहे.

सिद्धेश्वरी: नंबर आहे?

धम्मदीप: आहे.

सिद्धेश्वरी: मग आत्ता लावा. लोक यायला अजून वीस मिनिटं आहेत. आणि स्पीकरवर ठेवा, मला ऐकायचंय.

धम्मदीप: लागतोय. हॅलो, युवराजराव? मी धम्मदीप, सोलापूरचा. ठिबकवाला.

युवराज: आरं, साहेब. बोला की. थांबा, मोटारीपसनं लांब येतो, हितं काय आयकू येत न्हाय. हां, बोला.

धम्मदीप: कसं चाललंय? केळी?

युवराज: निम्मी वाचली. बरं झालं तुमी त्या टायमाला सांगितलं. दुसरी नळी आनली आता. आन ह्या बारीला लई काळजी घेतली बघा. बंडलं आनली तशी पत्र्याखाली घातली, वर ताडपत्री. रानात हाथरल्यावर बी वर पाचट पसरलं. ऊन म्हनून लागू दिलं न्हाय.

धम्मदीप: युवराजराव, ऐका. त्याची गरज नव्हती. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.

युवराज: काय?

धम्मदीप: तुमची नळी उन्हात ठेवल्यामुळं गेली नाही. नळीच खराब होती. उन्हापासून वाचवायला तिच्यात काजळी घालतात. आमच्या कंपनीनं ती निम्मीच घातली होती. तपासायचं काम माझं. मला माहीत होतं आणि मी चांगली आहे म्हणून सही केली होती. तुमच्या रानात आलो तेव्हाही माहीत होतं. तुम्ही वडलांचं नाव काढलंत आणि मी त्यांच्यावर ढकललं. तुमची चूक नव्हती. त्यांचीही नव्हती.

युवराज: म्हंजे आठ दीस उन्हात ऱ्हाऊन नळीला काय बी हुत न्हाय?

धम्मदीप: काही होत नाही. आठ वर्षं उन्हात राहायला पाहिजे ती.

युवराज: आन्ना ह्येच म्हनत हुता.

धम्मदीप: काय म्हणत होते?

युवराज: म्हनत हुता, नळी काय उन्हाला भीती व्हय रं, ती रानातच पडून आसती की. तुमी गेला त्या सांजच्याला म्या त्याला तुमच्या कागदाचा फोटू दावला. म्हनलं, ह्ये बघ, शिकल्याल्या मानसानं लिवलंय, तुला काय कळतंय? लई बोललो. बायका-पोरांम्होरं बोललो. केळी तू मारली म्हनलं. दुसऱ्या दिशी त्यो फाटंचं उठला, पिशवी घेतली आन बार्शीला गेला, बजाआत्तीकडं. त्याची भन. तवापसनं तितंच हाय.

धम्मदीप: मेपासून?

युवराज: व्हय. दोनदा आनाया गेलो. म्हनतो, हितं बरं हाय. बाजारात पोती शिवायला जातो म्हनं. ह्या वयात. आत्ती फोनवर सांगती, बोलत न्हाय, नुसता बसून आसतो.

धम्मदीप: मी बार्शीला येतो. त्यांना मी स्वतः सांगतो. आज दुपारी निघतो.

युवराज: तुमी नगं.

धम्मदीप: माझ्यामुळं झालंय, युवराजराव. मीच सांगायला हवं.

युवराज: तुमच्यामुळं झालं, खरं हाय. पर बोललो म्या. तुमचा कागद नसता तरी त्याचं आयकाया पायजे हुतं म्या. तुमी काय त्याचं कुनी न्हाय. म्याच जातो.

धम्मदीप: कंपनीकडून नळीची भरपाई मिळावी म्हणून मी उद्या लिहून देतोय. खरा रिपोर्टही देतो. तुम्हालाही पाठवतो.

युवराज: ते बघू म्होरं. साहेब, एक इचारू?

धम्मदीप: विचारा.

युवराज: तुमी त्या दिशी आमच्यात जेवला हुता. तवा म्हाईत हुतं तुमास्नी? जेवताना?

धम्मदीप: हो. माहीत होतं.

युवराज: आन्नानंच वाढलं हुतं. तुमी कमी खाल्लं म्हनून त्याला वाटलं, कालवन तिकट झालं. रातच्याला आमच्या मंडळीला म्हनला, पाव्हन्याला तिकट लागलं वाटतं. बरं. ठिवतो आता. मोटार बंद करून बार्शीची गाडी गाठायची हाय.

सिद्धेश्वरी: ठेवला त्यांनी.

धम्मदीप: हो.

सिद्धेश्वरी: जेवलात ते मला सांगितलं नव्हतंत.

धम्मदीप: नाही सांगवलं.

सिद्धेश्वरी: ते पण सांगा आज. बाकीचं सांगाल तसं.

धम्मदीप: सांगतो.

सिद्धेश्वरी: खाली गाड्या लागल्यात. जिन्यावर कुणीतरी आलंय. जा, तोंड धुऊन या. मी तोवर त्यांना सांगते, आज जरा उशीर होईल म्हणून.

धम्मदीप: तुम्ही थांबाल?

सिद्धेश्वरी: मागं बसते. मला माहीत नाही शेवटपर्यंत बसवेल का.

धम्मदीप: उशीर किती सांगाल त्यांना?

सिद्धेश्वरी: किती ते नाही सांगत. तुमची वाट बघायची सवय आहे त्यांना.